तळहाताकडे आखडणारी बोटं: धोका कुणाला, किती आणि कशामुळे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हा आजार नेमका काय आहे?

तळहाताच्या कातडीखाली तंतूंचा एक पातळ पण चिवट पडदा असतो. मूठ आवळताना कातडी जागची सरकू नये, म्हणून तो तिला आतून धरून ठेवतो. काही जणांमध्ये हा पडदा जाड व्हायला लागतो. सुरुवातीला अनामिकेच्या किंवा करंगळीच्या मुळाशी, तळहाताच्या बाजूला एखादी घट्ट गाठ लागते, किंवा कातडीला खळी पडते. पुढे काही महिन्यांनी, बहुतेकदा काही वर्षांनी, गाठीपासून बोटाकडे जाणारी कडक दोरी तयार होते. ती आकसत जाते आणि बोट आत ओढलं जातं. ते मिटतं व्यवस्थित, पण पूर्ण उघडत नाही.

डॉक्टर याला ड्युपिट्रेन काँट्रॅक्चर म्हणतात. पॅरिसचे सर्जन गियोम ड्युपिट्रेन यांनी १८३१ मध्ये यावर शस्त्रक्रिया केली, व्याख्यान दिलं, आणि नाव त्यांचं लागलं. खरं तर बाझेलच्या फेलिक्स प्लाटर यांनी १६१४ मध्येच अशा हाताचं वर्णन केलं होतं, आणि दोष स्नायूच्या दोरीत म्हणजे टेंडनमध्ये नसून पडद्यात आहे हे लंडनच्या हेन्री क्लाइन यांना १७७७ मध्ये शवविच्छेदनात दिसलं होतं. तरीही ‘शीर आखडली’ हा समज आजही कायम आहे. शिरा, टेंडन, सांधे या आजारात मुळात ठीक असतात. सांधा नंतर बिघडतो, तो फार काळ वाकलेला राहिल्यामुळे.

माझं बोट सरळ होत नाही. म्हणजे मला हाच आजार आहे का?

तसं नाही. धोक्याच्या घटकांचा हिशेब मांडण्याआधी निदान पक्कं हवं, कारण बोट वाकण्याची कारणं बरीच आहेत आणि काहींचे उपचार तातडीचे असतात.

ट्रिगर फिंगरमध्ये बोट मिटल्यावर अडकतं आणि जोर लावला की ‘कट्’ करून सुटतं. ड्युपिट्रेनमध्ये असं अडकणं-सुटणं नसतं. नस दबली किंवा खराब झाली असेल, उदाहरणार्थ कुष्ठरोगात, तर करंगळी आणि अनामिका पंज्यासारखी वाकतात. पण दुसऱ्या हाताने धरून सरळ केली तर निदान सुरुवातीच्या काळात तरी सरळ होतात, आणि त्या भागात बधिरपणा असतो. ड्युपिट्रेनमध्ये स्पर्श शाबूत राहतो आणि बोट दुसऱ्या हातानेही सरळ होत नाही. भाजल्याच्या जुन्या व्रणाने, पक्षाघाताने किंवा जन्मजात दोषानेही बोटं वाकतात.

बधिरपणा, हातातली ताकद जाणं किंवा कातडीवर चट्टे असतील तर हा लेख बाजूला ठेवा आणि आधी डॉक्टरांना हात दाखवा.

पडदा आकसतो तो कशाने?

जखम भरताना शरीर काही खास पेशी कामाला लावतं. त्या कोलॅजन नावाचं प्रथिन तयार करतात आणि स्वतः आकुंचन पावून जखमेच्या कडा जवळ आणतात. काम झालं की त्या निघून जातात. या आजारात तळहातात जखम नसतानाही त्या पेशी हजर होतात, आणि परत जात नाहीत. त्या का येतात याचं एकच एक कारण नाही. काही जणांच्या जनुकांतच या प्रक्रियेचा कल असतो आणि वय, मधुमेह, तंबाखू, यंत्रांचा कंप यांसारख्या गोष्टी त्यात भर घालतात.

हा कर्करोग नाही आणि त्याचा कर्करोग होतही नाही. संसर्गजन्यही नाही.

धोक्याचे घटक सगळे सारख्याच वजनाचे असतात का?

अजिबात नाही, आणि बहुतेक याद्या इथेच वाचकाची दिशाभूल करतात. वय, लिंग, अनुवंश, पूर्वजांचा प्रदेश, मधुमेह, दारू, सिगारेट, फिट्सची औषधं, हाताला झालेली इजा अशी नऊ-दहा नावं एकाखाली एक छापली, की सगळी एका तोलाची वाटतात. प्रत्यक्षात पहिली चार फार जड आहेत, आणि त्यांतलं एकही आपल्या हातात नाही. बाकीची हलकी आहेत, काहींचा पुरावाही डळमळीत आहे. म्हणून कुणाचं बोट वाकलं की ‘तू असं केलंस म्हणून झालं’ असं म्हणायला जवळपास कधीच आधार नसतो.

वडिलांना होता. मला होणार का?

शक्यता इतरांपेक्षा जास्त, खात्री मात्र नाही.

डेन्मार्कमध्ये जुळ्या भावंडांचा अभ्यास झाला. या आजाराबाबत माणसामाणसांत जो फरक दिसतो, त्यातला सुमारे ८० टक्के वाटा अनुवंशाचा असल्याचं त्यात आढळलं. हा आकडा ऐकून अनेक जण घाबरतात, कारण त्याचा अर्थ ‘मला ८० टक्के होणार’ असा लावला जातो. तो अर्थ चूक आहे. अनुवंशाचा वाटा हे लोकसमूहातल्या फरकाचं माप आहे. एका माणसाचं भविष्य त्यातून काढता येत नाही.

काही घराण्यांत हा आजार आई किंवा वडील यांपैकी एकाकडून सरळ पुढच्या पिढीत येताना दिसतो. पण ज्याच्याकडे ती ठेवण आली त्या प्रत्येकाचं बोट वाकतंच असं नाही. एका भावाला तळहातावर नुसती गाठ, दुसऱ्याची दोन बोटं मुडपलेली आणि बहिणीला काहीच नाही, असं एकाच घरात असू शकतं. शिवाय आजार उतारवयात दिसत असल्यामुळे ‘आमच्याकडे कुणालाच नव्हता’ हे विधानही तपासून घ्यावं लागतं. आजोबा पन्नाशीत गेले असतील, तर त्यांचा हात पुढे कसा झाला असता हे कुणी पाहिलेलं नसतं.

एकच दोषी जनुक असा नाही. २०११ मध्ये जनुकसंचातल्या या आजाराशी जोडलेल्या नऊ जागा सापडल्या, २०१७ पर्यंत त्यांची संख्या २६ झाली आणि २०२३ मध्ये ६१. प्रत्येकीचा परिणाम लहान, बेरीज मोठी. त्यामुळे जनुकचाचणी करून ‘होईल’ किंवा ‘होणार नाही’ असं उत्तर आज मिळत नाही. त्यावर पैसे घालवू नयेत.

याला ‘व्हायकिंगांचा आजार’ का म्हणतात?

नॉर्वे, डेन्मार्क, आइसलंड, स्कॉटलंड अशा उत्तर युरोपीय प्रदेशांत तो फार दिसतो, म्हणून व्हायकिंग दर्यावर्दींनी तो पसरवला अशी कथा तयार झाली. कथा आकर्षक आहे, पण २०२३ च्या संशोधनाने तिच्याही मागे नेलं. स्वीडनमधले ह्युगो झेबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ७,८७१ रुग्ण आणि सुमारे साडेसहा लाख निरोगी लोकांची जनुकीय माहिती तपासली. सापडलेल्या ६१ बदलांपैकी तीन निअँडरथाल या नामशेष झालेल्या मानवाकडून आलेले निघाले आणि परिणामाच्या क्रमवारीत दुसरा आणि तिसरा क्रमांक त्यांतल्याच दोघांचा होता. आफ्रिकी वंशाच्या लोकांत निअँडरथालचा वारसा अगदी कमी असतो आणि हा आजारही त्यांच्यात क्वचित दिसतो, हे त्याच्याशी जुळतं.

पण निअँडरथालचा वारसा आशियाई लोकांतही आहे, तरी तिथे आजार उत्तर युरोपाइतका दिसत नाही. म्हणजे नेमके कोणते तुकडे कुणाकडे आले हे महत्त्वाचं.

मी युरोपीय वंशाचा नाही. मग काळजीचं कारण नाही ना?

धोका कमी, शून्य नव्हे. आशियाई, आफ्रिकी, अरब अशा सगळ्या समाजांत रुग्ण आढळतात. अडचण वेगळीच आहे: आजार विरळ असलेल्या ठिकाणी तो पटकन कुणाच्या लक्षात येत नाही, आणि गाठीला भोवरी किंवा घट्टा समजून खरवडलं जातं. उत्तर युरोपाबाहेरच्या रुग्णांत मधुमेहाची शक्यता आधी तपासून पाहणं शहाणपणाचं.

वय आणि लिंगाचा किती फरक पडतो?

वयाचा प्रचंड. पाश्चात्त्य देशांतल्या पाहण्या एकत्र करून काढलेला अंदाज असा: ५५ व्या वर्षी सुमारे १२ टक्के लोकांत, ६५ व्या वर्षी २१ टक्के आणि ७५ व्या वर्षी २९ टक्के लोकांत या आजाराची काही ना काही खूण असते. यात नुसत्या गाठीही मोजल्या आहेत. वाकलेली बोटं त्याहून बरीच कमी.

पुरुषांत तो अधिक आणि लवकर दिसतो. स्त्रियांत सहसा दहाएक वर्षं उशिरा सुरू होतो आणि बऱ्याचदा सौम्य राहतो, त्यामुळे सत्तरीपुढे दोघांमधलं अंतर कमी होत जातं.

मधुमेहाशी याचा काय संबंध?

बदलता येण्याजोग्या कारणांच्या जवळ जाणारा हा सगळ्यात ठळक घटक. मधुमेह असलेल्यांत, मग तो पहिल्या प्रकारचा असो वा दुसऱ्या, हा आजार इतरांपेक्षा जास्त आढळतो आणि मधुमेह जितका जुना तितकं प्रमाण वाढतं. रक्तातली साखर दीर्घकाळ जास्त राहिली की ती कोलॅजनच्या तंतूंना चिकटते, तंतू एकमेकांना बांधले जातात, ताठ होतात.

त्याचं रूप थोडं निराळं असतं. करंगळीऐवजी मधलं बोट आणि अनामिका जास्त सापडतात, तळहातावर गाठी आणि जाडपणा असतो, पण बोट फार वाकत नाही. शस्त्रक्रियेपर्यंत जाणारे मधुमेही रुग्ण तुलनेने थोडे.

मधुमेहात हाताच्या आणखीही कुरबुरी असतात: ट्रिगर फिंगर, मनगटात नस दबणं, खांदा आखडणं, आणि सगळ्याच बोटांचे सांधे हळूहळू ताठ होणं. हा शेवटचा प्रकार घरी पाहता येतो. नमस्कारासारखे तळहात आणि बोटं एकमेकांना टेकवा. बोटं पूर्ण टेकत नसतील, मध्ये फट राहत असेल, तर सांधे ताठरल्याची ती खूण. ड्युपिट्रेनमध्येही फट राहते. फरक इतकाच की तिथे एक-दोनच बोटं अडतात आणि तळहातात दोरी हाताला लागते.

साखर आटोक्यात आणल्याने वाकलेलं बोट सरळ होत नाही. साखर आटोक्यात ठेवायची ती इतर शंभर कारणांसाठी. पण तळहातावर गाठ आहे आणि साखर कधी तपासलेलीच नाही, अशा माणसाने ती तपासून घ्यावी.

दारूमुळे होतो असं ऐकलं. खरं?

संबंध आहे: जास्त आणि अनेक वर्षं पिणाऱ्यांत प्रमाण वाढलेलं अनेक अभ्यासांत दिसतं. पण या एका घटकाने रुग्णांची जितकी बदनामी केली तितकी दुसऱ्या कशाने केली नसेल. यकृताच्या रुग्णाचा तळहात पाहण्याची वैद्यकात जुनी पद्धत आहे. तिथून ‘वाकलं बोट म्हणजे दारुडा’ असा उलटा निष्कर्ष लोकांनी काढला. कित्येक रुग्णांनी आयुष्यात दारूला हात लावलेला नसतो.

आणि सिगारेट?

धूम्रपानाचाही संबंध सापडतो, आणि दारू-सिगारेट दोन्ही असतील तर धोका आणखी वाढतो. निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि ऊतींना प्राणवायू कमी पडतो, हे त्यामागचं संभाव्य कारण. सोडण्याचा रोकडा फायदा मात्र दुसरीकडे आहे: पुढेमागे शस्त्रक्रिया करावी लागली तर धूम्रपान न करणाऱ्याची तळहातावरची जखम चांगली भरते.

हाताने कष्टाचं काम केल्याने होतो का?

खुद्द ड्युपिट्रेन यांना तसंच वाटत होतं. त्यांचे रुग्ण होते एक दारूचे व्यापारी आणि एक घोडागाडी हाकणारा. त्यानंतर जवळजवळ दोनशे वर्षं हा वाद चालू आहे. आज चित्र बरंच स्पष्ट आहे. साध्या हातकामाचा, लिहिण्याचा, टायपिंगचा दोष नाही. ब्रिटनच्या पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांच्या हातावर १९८६ मध्ये आणि अमेरिकेचे अध्यक्ष रोनाल्ड रेगन यांच्या हातावर जानेवारी १९८९ मध्ये याच आजारासाठी शस्त्रक्रिया झाली. दोघेही तेव्हा पदावर होते, म्हणजे फावडं-कुदळ हातात नक्कीच नव्हती.

कंप पावणाऱ्या यंत्रांची गोष्ट वेगळी. ड्रिल, काँक्रीट फोडणारी यंत्रं, ग्राइंडर वर्षानुवर्षं हातात धरणाऱ्यांत धोका वाढतो, हे इतकं पटलं की ब्रिटनने २०१९ मध्ये हा आजार भरपाईस पात्र व्यावसायिक आजारांच्या यादीत घातला. अटी कडक आहेत: अशा यंत्रांवर एकूण किमान दहा वर्षं काम, त्या काळात आठवड्यातले तीन किंवा जास्त दिवस रोज निदान दोन तास, आजाराची सुरुवात त्याच काळात आणि बोटाचा सांधा कायमचा वाकलेला. गाठीवर भरपाई नाही. या अटी वाचल्या की किती मोठ्या प्रमाणातल्या कंपाबद्दल आपण बोलतोय ते कळतं. घरी भिंतीत दोन भोकं पाडणाऱ्याने घाबरायचं कारण नाही.

मनगट मोडलं होतं. त्यानंतर गाठ आली. योगायोग का?

नसावा. मनगट मोडल्यावर किंवा हातावर शस्त्रक्रिया झाल्यावर काही महिन्यांत गाठ उगवल्याची उदाहरणं पुष्कळ आहेत. ज्याच्याकडे कल आधीपासून आहे त्याच्यात इजा हे निमित्त ठरतं, असं बहुतेक तज्ज्ञ मानतात. अशा गाठी अनेकदा आहेत तिथेच थांबतात.

फिट्सच्या गोळ्यांचा दोष आहे का?

जुन्या अभ्यासांत अपस्माराच्या रुग्णांत हा आजार जास्त दिसला आणि संशय फिनोबार्बिटालसारख्या औषधांवर गेला. नंतरच्या काही अभ्यासांत तो संबंध सापडला नाही. बोटाच्या भीतीने फिट्सचं औषध स्वतःहून बंद करणं जिवावर बेतू शकतं. शंका असेल तर लिहून देणाऱ्या डॉक्टरांनाच विचारा.

कोलेस्टेरॉल, वजन, संधिवात?

कोलेस्टेरॉलचा संबंध काही अभ्यासांत दिसतो, पक्का नाही. वजनाचं मात्र उलटंच आहे: जाड माणसांत हा आजार कमी आणि सडपातळ माणसांत जास्त आढळतो. यावरून वजन वाढवायचा सल्ला कुणी देऊ नये. वाढत्या वयातल्या सांध्यांच्या झिजेशी याचा संबंध नाही.

आजार वेगाने वाढेल का, हे आधी कळतं का?

धोक्याच्या घटकांचा खरा उपयोग इथे आहे. आजार व्हायच्या आधी ते फारसं काही सांगत नाहीत. झाल्यावर मात्र बरंच सांगतात. पन्नाशीच्या आत सुरुवात, दोन्ही हातांत गाठी, आईवडील किंवा भावंडांना हाच आजार, पुरुष असणं, आणि हाताबाहेरच्या खुणा: बोटांच्या पेरांवर मागच्या बाजूला जाड गाद्या, तळपायाच्या कमानीत गाठी, पुरुषांत लिंगाला बाक येणं. यांतल्या जितक्या जास्त गोष्टी एकत्र, तितका आजार आक्रमक आणि उपचारानंतर परत येण्याची शक्यता मोठी.

तळपायाची आणि लिंगाची गोष्ट डॉक्टरांना सांगायला लोक संकोचतात, किंवा तिचा हाताशी संबंध असेल हे ध्यानातच येत नाही. सांगावी. उपचाराची निवड तिच्यावर अवलंबून असू शकते.

याउलट साठीनंतर एका हातात आलेली एकच गाठ वर्षानुवर्षं तशीच राहू शकते.

मालिश, व्यायाम, पट्टी याने थांबतो का?

तेल चोळून, बोट ओढून किंवा रात्री पट्टी बांधून दोरी विरघळल्याचा भरवशाचा पुरावा नाही. जोर लावून ताणू नका. दुखऱ्या गाठीत स्टेरॉइडचं इंजेक्शन काही वेळा दिलं जातं, गाठ त्याने मऊ पडू शकते. सुरुवातीच्या टप्प्यात काही देशांत क्ष-किरणांचा उपचार देतात. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी अडॅलिमुमॅब हे संधिवातातलं औषध गाठीत टोचून पाहिलं. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत गाठी मऊ आणि लहान झाल्या, पण बोट वाकणं त्याने टळतं का, याला अजून काही वर्षं जावी लागतील.

डॉक्टरांकडे कधी जायचं?

तळहात टेबलावर पालथा ठेवा. हात सपाट टेकला तर घाई नाही, दर काही महिन्यांनी हेच करून पाहा. टेकत नसेल तर हाताच्या सर्जनची वेळ घ्या. बोटाच्या मुळाचा सांधा ३० अंश किंवा जास्त वाकला असेल तर उपचाराचा विचार होतो. बोटाच्या मधल्या सांध्याच्या बाबतीत तेवढीही वाट पाहू नये. तो लवकर ताठरतो आणि दोरी काढल्यावरही पूर्ण सरळ होत नाही.

उपचारानंतर परत येतो का?

येऊ शकतो, कारण उपचार दोरीवर होतो, जनुकांतल्या कलावर नाही. सुईने दोरी तोडण्याचा उपचार सोपा, हात लवकर कामाला लागतो. शस्त्रक्रियेने रोगट पडदा काढणं मोठं काम, पण टिकाऊ. नेदरलँड्समध्ये दोन्हींची तुलना केली तेव्हा पाच वर्षांत सुईनंतर सुमारे ८५ टक्के आणि शस्त्रक्रियेनंतर २१ टक्के रुग्णांत आजार परतला. तरीही वय झालेले अनेक जण सुईच निवडतात, आणि त्यात काही चूक नाही. तिसरा पर्याय कोलॅजन विरघळवणाऱ्या इंजेक्शनचा. अमेरिकेत त्याला २०१० मध्ये मान्यता मिळाली; युरोपातून ते कंपनीने २०२० मध्ये व्यापारी कारणाने काढून घेतलं.

मुलांचे हात आत्तापासून तपासून घ्यावेत का?

लहान मुलांचे नाहीत. या आजाराला लहानपणात अडवता येईल असा उपायच नाही, मग तपासणीतून हाती लागेल ती फक्त चिंता. चाळिशी ओलांडलेल्या मुलामुलींना टेबलाची चाचणी दाखवून ठेवा, आणि तळहातावर गाठ आली तर ती खरवडू नका एवढं सांगा. डॉक्टरांकडे जायची वेळ आलीच, तर घरात कुणाला, कितव्या वर्षी आणि किती बोटांत झाला होता ते लिहून सोबत न्यायला सांगा. तपासणाऱ्याला त्या चार ओळींचा कुठल्याही रक्ततपासणीपेक्षा जास्त उपयोग होतो.